वॉल्ट डिस्ने वर्ल्ड, अडीच वर्षांची मुलगी आणि दुपारची झोप

आम्ही सप्टेंबरमध्ये फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जाऊन आलो. थोरला पाच वर्षांचा, धाकटी अडीच वर्षांची, बरोबर सासूबाई आणि आम्ही दोघं. पाचपैकी साडेचार स्टार देतेय, पण हे सगळे स्टार दुसऱ्या दिवसापासूनचे आहेत, पहिला दिवस आमचा पार वाया गेला आणि त्यात पार्कचा काही दोष नव्हता. लहान पोरं घेऊन जाणाऱ्यांनी निदान तेवढा भाग तरी नीट वाचा, कारण तो एक दिवस आम्हाला खूप महागात पडला, पैशानेही आणि मनानेही.

झालं असं की आम्ही ट्रिपचं प्लॅनिंग बाहेर एकाला पैसे देऊन करून घेतलं होतं. त्यांनी छान रंगीत वेळापत्रक पाठवलं, आठ वाजता गेट, आठ वीसला अमुक राइड, आठ पंचेचाळीसला तमुक, असं रात्री फटाक्यांपर्यंत, आणि आम्हाला तेव्हा ते बघून इतकं बरं वाटलं की चला, कुणीतरी विचार केलाय. पण त्या अख्ख्या कागदावर 'झोप' हा शब्द कुठेच नव्हता. आमची धाकटी रोज एक ते तीन झोपते, जन्मापासून. त्या दिवशी एक वाजता आम्ही उन्हात एका रांगेत उभे होतो, दीड वाजता तिने हातातली बाटली फेकली आणि दोनला सिंड्रेलाच्या किल्ल्यासमोर जमिनीवर आडवी पडून रडत होती. तो किल्ला १८९ फूट उंच आहे, लोक त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढायला कुठून कुठून येतात, आणि आमच्याकडे त्या जागेचा एकच फोटो आहे, त्यात सासूबाई खाली बसून तिच्या पायातले बूट काढतायत. थोरला बाजूला गप्प उभा. त्याला वाटलं आता त्याच्यामुळे नाही पण त्याचीही ट्रिप संपली. तिथून आम्ही सरळ हॉटेलवर गेलो.

त्या रात्री मुलं झोपल्यावर आम्ही तिघांनी बसून तो कागद बाजूला ठेवला आणि उलटीकडून सुरुवात केली. आधी हिची झोप लिहिली, मग जेवणाच्या वेळा, मग थोरल्याची उंची, मग आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे किती चालू देतील ते, आणि या सगळ्यातून जे उरलं त्यात राइड्स बसवल्या. सकाळी तीन, संध्याकाळी दोन, बस. आणि तुम्हाला खरं सांगते, जेवढं कमी लिहिलं तेवढं जास्त झालं, कारण मधे कुठेतरी बँड वाजवत लोक जातात, बदकं फिरत असतात, एक कारंजं दिसतं आणि अडीच वर्षांच्या मुलीला त्या कारंज्यासमोर वीस मिनिटं उभं राहायचं असतं. तिच्यासाठी तीच राइड असते.

उंचीबद्दल आता, कारण याच्यावर रडारड सगळ्यात जास्त होते आणि ती टाळता येते. मॅजिक किंगडममध्ये, म्हणजे इथल्या चार पार्कांपैकी तो किल्ला असलेल्या पार्कात, बार्नस्टॉर्मर नावाचं छोटं रोलर कोस्टर आहे त्याला ३५ इंच लागतात, सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ३८, टियानाज बायू ॲडव्हेंचरला ४०, स्पेस माउंटनला ४४ आणि ट्रॉनला ४८. सेंटीमीटरमध्ये सांगायचं तर साधारण ८९, ९७, १०२, ११२ आणि १२२. मोजतात बुटांसकट, पण टाचा जमिनीला टेकलेल्या हव्यात आणि एखादा सेंटीमीटर सोडून देतील असं अजिबात धरू नका. थोरला घरी अनवाणी १०९ भरला होता. बुटांचे धरून होईल ११२, असं आम्हीच ठरवलं आणि त्याला सांगूनही बसलो की तू स्पेस माउंटनला जाणार. महिनाभर तो रॉकेटच्या गप्पा मारत होता. दारात तिथल्या बाईंनी मापाची काठी धरली, तो पाठ ताठ करून, हनुवटी वर करून उभा, डोळे मिटलेले. काठी डोक्याच्या वरून गेली. थोडीशीच, पण वरून. त्यांनी त्याला परत एकदा उभं केलं, टाचा टेकव म्हणाल्या, मान सरळ, आणि परत काठी वरूनच. मग त्या गुडघ्यावर बसल्या, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला आल्या आणि त्याच्याशीच बोलल्या, आमच्याशी नाही. नियम त्याच्या जिवासाठी आहे हे मला कळतंच होतं, पण ज्या पद्धतीने त्या बोलल्या त्यामुळे तो रडला नाही, हिरमुसला फक्त. चूक पूर्ण आमची. घरीच बूट घालून, भिंतीला टाचा लावून मोजा आणि जिथे अगदी काठावर असेल ती राइड त्याला सांगूच नका. झाली तर आनंद, नाही झाली तर त्याला माहीतच नाही.

रायडर स्विच ही सोय ज्याने काढली त्याचे मी मनापासून आभार मानते. लहान मूल उंचीत बसत नसेल तर आई-बाबांपैकी एकाने कायम बाहेर बसायचं असं नाही. सगळ्यांनी मिळून राइडच्या दारात जायचं, तिथल्या माणसाला सांगायचं, तो तिकिटं स्कॅन करतो, मग एकजण मोठ्या मुलाला घेऊन रांगेतून जाऊन येतो, तोवर दुसरा धाकट्याला सांभाळतो, आणि मग अदलाबदल. दुसऱ्याला परत ती लांब रांग लावावी लागत नाही, तो लाइटनिंग लेनमधून, म्हणजे एरवी जादा पैसे भरून मिळणाऱ्या छोट्या रांगेतून, जातो आणि मोठ्या पोराला परत बरोबर घेऊन जाऊ शकतो. म्हणजे थोरल्याने माइन ट्रेन दोनदा केली, एकदा बाबाबरोबर, एकदा माझ्याबरोबर, आणि स्पेस माउंटनचं दुःख तिथे बरंचसं भरून निघालं. याला वेगळे पैसे नाहीत. फक्त सगळ्यांनी एकत्र दारात जायला हवं, नवरा आधीच आत शिरला आणि तुम्ही मागून विचारायला गेलात असं चालत नाही. आणि मूल स्ट्रोलरमध्ये झोपलंय तरी हे करता येतं, ते आम्ही दोनदा केलं.

बेबी केअर सेंटर! हे प्रत्येक पार्कात एक आहे आणि लहान बाळ असेल तर पार्कात शिरल्यावर पहिलं हेच बघून ठेवा. मॅजिक किंगडममध्ये मेन स्ट्रीट संपते तिथे क्रिस्टल पॅलेस या रेस्टॉरंटच्या शेजारी आहे, फर्स्ट एड पण तिथेच बाजूला. आत डायपर बदलायला व्यवस्थित टेबलं, दूध पाजायला वेगळी शांत खोली, मायक्रोवेव्ह, सिंक, बाळाला भरवायला उंच खुर्च्या, आणि डायपर, बाळाचं खाणं असं काही संपलं तर विकतही मिळतं. पण मला सगळ्यात जास्त भावली ती तिथली शांतता. बाहेर म्युझिक, गर्दी, ऊन, आणि तुम्ही दार ढकललंत की सगळं एकदम खाली येतं. धाकटीने तिथे अर्धी वाटी खाल्लं, जे सकाळपासून तोंडात घेत नव्हती. आमच्या बाजूला एक बाई तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन बसल्या होत्या, त्या नुसत्या डोळे मिटून बसल्या होत्या, बाळ पीत होतं, कुणी त्यांना काही विचारत नव्हतं. दुसरं म्हणजे हरवलेली मुलं याच सेंटरला आणतात, त्यामुळे थोरल्याला आम्ही रोज सकाळी शिकवायचो की आई-बाबा दिसले नाहीत तर शोधत पळायचं नाही, छातीवर नावाची पाटी असलेल्या माणसाकडे जायचं. आणि दोघांच्या मनगटावर माझा फोन नंबर पेनाने लिहिलेला असायचा. घामाने पुसतो, दुपारी परत लिहायचा.

दुपारचं काय करायचं हा खरा प्रश्न, कारण ज्यांचं हॉटेल पार्कच्या बाहेर आहे आणि गाडीने येतात त्यांना मॅजिक किंगडममधून दुपारी रूमवर जाऊन परत येणं म्हणजे फार वेळ जातो. तुमची गाडी पार्कच्या दारात लागतच नाही, ती तळ्याच्या अलीकडे लागते, तिथून मोनोरेल किंवा फेरी बोटीने पलीकडे जायचं, आणि येताना सगळं उलटं. हे वेळापत्रकात धरलंच पाहिजे, सकाळी 'आठला पोचू' म्हणजे पार्किंगला आठ नव्हे. म्हणून आम्ही झोप आतच करायची ठरवली. साडेबारापर्यंत जेवण उरकायचं, मग डायपर, मग कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस. हे एक थंडगार अंधारं थिएटर आहे, प्रेक्षक बसलेत तो भागच स्टेजभोवती फिरतो, वीसेक मिनिटं चालतं, १९६४ च्या न्यूयॉर्कच्या वर्ल्ड फेअरसाठी बनवलेलं. मोठ्या मुलांना कंटाळवाणं वाटू शकेल, पण पेंगुळलेल्या बाळासाठी याहून चांगली जागा मला तरी सापडली नाही. धाकटी दुसऱ्या सीनलाच माझ्या खांद्यावर झोपली. मग बाहेर येऊन हळूच स्ट्रोलरमध्ये ठेवली, वर पातळ ओढणी क्लिपने लावली, आणि नवरा सावलीत तिच्याजवळ बसला. थोरला, मी आणि आई पीपलमूव्हरला. तीही तशीच, वर उंचावरून हळूहळू फिरणारी, दहाएक मिनिटांची, उंचीची अट नाही. आईंना ती इतकी आवडली की त्या परत जाऊन आल्या, एकट्या.

सप्टेंबरचं सांगायचं तर अमेरिकेतल्या शाळा सुरू झालेल्या असतात म्हणून गर्दी उन्हाळ्याच्या सुट्टीपेक्षा कमी, पण उकाडा भयंकर आणि दुपारी वीज-पाऊस जवळपास रोजचा, शिवाय तो चक्रीवादळांचा सीझन आहे, जून ते नोव्हेंबर. वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात, बरोबरच आहे ते. म्हणून उघड्यावरचं सगळं सकाळी आणि छपराखालचं दुपारी असंच लावा. रेनकोट घरूनच घ्या आणि मुलांना पायात ओले होऊन वाळतील असेच सँडल. ओल्या मोज्यांत पाच वर्षांचं मूल शंभर पावलंही नीट चालत नाही, आणि इथे तर दिवसभर चालायचंच असतं. थोरला घरी कधी स्ट्रोलरमध्ये बसत नाही, इथे मात्र दुपारनंतर तोही बसायचा, म्हणून पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला 'आता मोठा झालास' म्हणू नका, दोघांचा स्ट्रोलर घ्या. फक्त माप बघून घ्या, रुंदी ३१ इंच आणि लांबी ५२ इंच याच्या वर चालत नाही, आणि ओढायच्या गाड्या, ज्याला वॅगन म्हणतात, त्या २०१९ पासून बंद आहेत. राइडच्या बाहेर स्ट्रोलर लावायची जागा ठरलेली असते आणि तिथला स्टाफ जागा करायला ते सरकवत असतो, त्यामुळे तुम्ही ठेवला तिथेच सापडेल असं नाही. पहिल्यांदा बाहेर आल्यावर माझ्या पोटात गोळा आला होता, पासपोर्ट नव्हते त्यात पण डायपरची बॅग होती. दोन रांगा पलीकडे होता. सासूबाईंनी मग आपल्या जुन्या केशरी ओढणीची एक पट्टी फाडून हँडलला बांधली आणि शंभर काळ्या स्ट्रोलरमध्ये आमचा लांबून दिसायला लागला.

आता राइड्स. उंचीची अट नसलेल्या भरपूर आहेत आणि त्यातल्याच मुलांना जास्त आवडल्या. डंबो, उडते हत्ती, पार्क १९७१ ला उघडला तेव्हापासूनचे, आता शेजारी शेजारी दोन चक्रं आहेत त्यामुळे रांग वाटते त्यापेक्षा लवकर सरकते. मुलाच्या हातात एक दांडी असते, ती वर केली की हत्ती वर. धाकटीने ती दांडी शेवटपर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवली, खालीच, हत्ती एकदाही वर गेला नाही आणि ती मात्र एखादं मोठं काम करतेय अशा चेहऱ्याने बसलेली. स्मॉल वर्ल्डची बोट, विनी द पू, जंगलची बोट, चहाच्या कपबशा, सगळं चालतं. हाँटेड मॅन्शन आणि पायरेट्सला अट नाही पण अंधार आहे, आवाज आहेत, पायरेट्सला बोट एका जागी खाली घसरते, त्यामुळे 'अट नाही' म्हणजे 'भीती नाही' असं समजू नका. आम्ही धाकटीला दोन्हीकडे नेलंच नाही. आणि फँटसीलँडमधला घोड्यांचा मेरी-गो-राउंड नक्की करा, तो १९१७ चा आहे, पार्कच्या कितीतरी आधीचा, लाकडी घोडे हाताने कोरलेले. जवळून बघा, रांगेत उभं असताना घोड्यांच्या आयाळी बघा.

सासू-सासरे किंवा आई-वडील बरोबर असतील तर रेल्वे विसरू नका. पार्कभोवती फिरणारी वाफेची खरी इंजिनं आहेत, १९१६ ते १९२८ या काळात बनलेली, मेक्सिकोत काम करून मग इथे आली. स्ट्रोलर घडी करावा लागतो तेवढंच. आई स्टेशनवर इंजिनच्या तेलाचा वास घेत उभ्या राहिल्या आणि लहानपणीचं बोलायला लागल्या, थोरला त्यांचा हात धरून ऐकत होता. माझ्यासाठी ट्रिपमधली ती सगळ्यात सुंदर दहा मिनिटं.

मधला एक दिवस आम्ही काहीच केलं नाही, हॉटेलचा पूल आणि झोप, आणि त्यानंतर ॲनिमल किंगडम. तिकडे सकाळी सकाळी किलिमांजारो सफारी करा, उघड्या ट्रकमधून, अट नाही, ऊन चढायच्या आत प्राणी हालचाल करताना दिसतात. जिराफ रस्त्यातच उभा होता, ड्रायव्हरने ट्रक थांबवला, आणि धाकटी पहिल्यांदाच त्या ट्रिपमध्ये इतकी शांत झाली की मी तिचा श्वास ऐकत होते. थोरल्यासाठी वाइल्डरनेस एक्सप्लोरर्सची छोटी पुस्तिका फुकट मिळते, ठिकठिकाणी जाऊन काहीतरी शोधायचं, उत्तर द्यायचं आणि स्टिकर घ्यायचा, रांग नाही, घाई नाही. एप्कॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज आम्ही मुद्दाम सोडले. मला वाटतं पाचच्या आतल्या मुलांना चारही पार्क दाखवायचा अट्टाहास करू नये, आणि एका दिवसात दोन पार्क करायचं पार्क हॉपर तिकीट तर या वयात नकोच.

तिकिटाचं थोडक्यात. तीन वर्षांखालच्यांना तिकीट नाही, तीन ते नऊ मुलांचं, दहाच्या पुढे मोठ्यांचं. तारखेप्रमाणे किंमत बदलते आणि जितके जास्त दिवस घ्याल तितका दिवसाचा दर उतरतो. रांग टाळायला लाइटनिंग लेन म्हणून वेगळे पैसे भरता येतात, डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना सात दिवस आधी आणि बाकीच्यांना तीन दिवस आधी बुक करता येतं. तीनच्या आतल्याला ते घ्यावं लागत नाही. आम्ही एकाच दिवशी घेतलं, पीटर पॅनची रांग वाचली म्हणून उपयोग झाला, पण लहान मुलांच्या बऱ्याच राइड्स सकाळी लवकर गेलं तर तशाच होतात. डिस्नेच्या हॉटेलात राहिलं तर रोज अर्धा तास आधी आत सोडतात, पुढच्या वेळी मी पैसे लाइटनिंग लेनपेक्षा तिकडे घालीन.

आणि एक, ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये काही संध्याकाळी मॅजिक किंगडममध्ये हॅलोविनची वेगळ्या तिकिटाची पार्टी असते, त्या दिवशी साध्या तिकिटवाल्यांना सहाला बाहेर पडावं लागतं. बहुतेक लोक म्हणून तो दिवस टाळतात. तुमची मुलं सात-आठला झोपणारी असतील तर तोच दिवस घ्या! आमचा दुसरा दिवस तसा होता, रांगा छोट्या, आणि फटाके चुकले तर मुलांना पत्ताही नव्हता.

खायचं-प्यायचं बाहेरून नेता येतं, काचेची भांडी नकोत, बाळाच्या खाण्याची बाटली चालते, सुटा बर्फ चालत नाही म्हणून थंड ठेवायला जेल पॅक न्या. खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट देतात, मागायला लाजू नका, दिवसभर मागत राहा. फोनवर ॲपमध्ये तिकीट, जेवणाची ऑर्डर, रांगेच्या वेळा सगळंच असतं, त्यामुळे पॉवर बँक हवीच.

शेवटच्या दिवशी परत मॅजिक किंगडम, त्या दिवशी फटाके बघायचे ठरवलं होतं कारण दुपारी धाकटी सव्वादोन तास झोपली. तिच्यासाठी कानावर लावायचे आवाज कमी करणारे हेडफोन घरूनच नेले होते, ते नक्की न्या, आवाज खूप असतो. मेन स्ट्रीटवर अगदी मागे, बाहेर पडायच्या वाटेजवळ उभे राहिलो, पुढे जाऊन गर्दीत अडकायचं नाही म्हणून. थोरला बाबाच्या खांद्यावर. फटाके संपायच्या दोन मिनिटं आधीच आम्ही निघालो आणि गर्दीच्या आधी धक्क्यावर पोचलो. बसला स्ट्रोलर घडी करावा लागतो, म्हणजे झोपलेलं मूल उचलायचं, पण फेरीत आणि मोनोरेलमध्ये तसाच ढकलत नेता येतो, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. बोटीत चढेपर्यंत दोघंही झोपले होते, शेजारी शेजारी, थोरल्याच्या हातात स्टिकरची पुस्तिका. आईंनी केशरी ओढणीची पट्टी सोडून धाकटीच्या पायावर टाकली. पाण्यावर वारं होतं, आणि कुणालाही उठवावं लागलं नाही.